पायांतून कोण आलं? : शाळा समितीस एका आजीचं खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि शाळा समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याभरात मी आपल्याकडे स्नेहसंमेलनातल्या देखाव्याबद्दल दोन अर्ज दिले. पहिल्याची पोच मिळाली, उत्तर आलं नाही. दुसरा दिल्यावर आपण कार्यालयात बोलावलंत, चहा दिलात, आपुलकीनं बोललात आणि शेवटी म्हणालात, ‘बाई, एक गोष्टच तर आहे ती. एवढं मनावर काय घेता?’ मी उठून घरी आले. वाटलं होतं, विषय कानावर घातला, आता मिटेल. परवा कळलं की स्नेहसंमेलनात उभा केलेला तोच देखावा सभागृहाच्या भिंतीवर कायमचा रंगवून घ्यायचं समितीनं ठरवलं आहे. पायाशी बसवलेल्या मुलांसकट. आता गप्प बसणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

शाळेचं नाव आणि गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शाळेची बदनामी करायची नाही. माझी तिन्ही मुलं याच शाळेत शिकली, आता नात शिकते. मी स्वतः एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. संमेलनाच्या दिवसांत शिक्षकांची किती धावपळ होते ते मला ठाऊक आहे.

झालं ते आधी सांगते, कारण हे पत्र वाचणाऱ्या सगळ्यांनी तो कार्यक्रम पाहिलेला नाही. ‘सृष्टीची निर्मिती’ असा देखावा होता. मागे पुठ्ठ्याचा बारा फुटी पुरुष. त्याच्या डोळ्यांतून सूर्य उगवला, मनाच्या जागेतून चंद्र वर आला, निळ्या कापडाचं आकाश उलगडलं. सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खरंच सुंदर होतं. मग निवेदन झालं आणि मुलं आली. मुखाजवळ शिडीवर चार मुलं, हातात पोथ्या. बाहूंपाशी तलवारी घेतलेली चार. मांड्यांजवळ तराजू घेतलेली चार. आणि खाली, पुरुषाच्या पावलांपाशी, मांडी घालून बसलेली आठ मुलं. त्यांच्या हातात खोरी, खराटे, टोपल्या. माझ्या नातीच्या हातात मडकं होतं.

ते मडकं आमच्याच घरचं. बाईंना संमेलनासाठी एक मडकं हवंय असं ती म्हणाली, म्हणून मीच गेरू लावून, चुन्याची वेलबुट्टी काढून दिलं होतं. कशासाठी हवं आहे हे मी विचारलं नाही.

आम्ही कुंभार. माझं माहेर कुंभारवाड्यातलं आणि सासरही. सासऱ्यांच्या हयातीत दारात चाक होतं, मागच्या परड्यात मडकी भाजायचा आवा पेटायचा. आता घरात कुणी चाकावर बसत नाही. मुलगा बँकेत आहे, सून नर्स आहे. पण नवरात्राचे घट आणि संक्रांतीची सुगडी अजून आमच्याकडूनच जातात, दीर करतात.

संमेलनाच्या रात्री नात माझ्याजवळ झोपली होती. दिवा मालवल्यावर म्हणाली, ‘आजी, आपण पायातून आलो, म्हणून आपल्याला मातीत काम करावं लागतं का?’

मी एकतीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. दोन दिवसांनी तिनं सांगितलं की वर्गात त्या आठ जणांना ‘पायवाले’ म्हणतात. हसत सांगितलं, पण सांगितलं.

‘एक गोष्टच तर आहे’ याला आता उत्तर देते.

ज्या सूक्तावरून हा देखावा बसवलात ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नव्वदावं सूक्त, पुरुषसूक्त. सोळा ऋचा आहेत. मी पंडित नाही, पण बी.ए.ला संस्कृत घेतलं होतं आणि हे सूक्त पाठ केलं होतं. हजार मस्तकांचा, हजार डोळ्यांचा, हजार पायांचा पुरुष, सगळी भूमी व्यापून वर दहा बोटं उरलेला. देव त्याचाच यज्ञ मांडतात. त्या यज्ञात वसंत ऋतू तूप होतो, ग्रीष्म इंधन होतो, शरद हवी, म्हणजे आहुती, होतो. आवा रचणाऱ्या आणि पेटवणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला हे वाचताना काय वाटलं असेल, कल्पना करा. अख्खं वर्ष भट्टीत घालून जग भाजून काढलंय, असं मला वाटलं होतं. या सूक्ताबद्दल माझ्या मनात राग नाही.

बाराव्या ऋचेत ब्राह्मण हे मुख, राजन्य म्हणजे क्षत्रिय हे बाहू, वैश्य म्हणजे मांड्या, असं म्हटलं आहे. चौथ्याची वेळ येते तेव्हा वाक्यच बदलतं. शूद्र म्हणजे पाय, असं म्हटलेलं नाही. पद्भ्यां शूद्रो अजायत, पायांतून शूद्र जन्मला. आणि ‘शूद्र’ हा शब्द ऋग्वेदात या एका ठिकाणी सोडला तर कुठेच येत नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथात एकदाच.

पण दोन ऋचा पुढे जा. चौदावीत नाभीतून अंतरिक्ष आलं, मस्तकातून द्युलोक आला, कानांतून दिशा आल्या, आणि पद्भ्यां भूमिः, पायांतून पृथ्वी आली. तेच पाय, तोच शब्द. ज्या पायांशी माझी नात बसवलीत त्याच पायांतून सगळी जमीन आली आहे, असं तेच सूक्त सांगतं. आपल्या निवेदनात सूर्य होता, चंद्र होता, इंद्र आणि अग्नीही होते. पायांतून आलेली भूमी तेवढी वगळली गेली. त्या आठ मुलांच्या हातात पृथ्वीचा गोल द्यावा असं कुणालाच सुचलं नाही. खराटे सुचले.

का सुचले, हे समितीनं नीट बसून विचारात घ्यावं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. ज्या बाईंनी हे बसवलं त्या तरुण आहेत, कष्टाळू आहेत, पोशाख त्यांनी रात्री जागून शिवले. खाली बसवलेली मुलं उंचीनं लहान होती म्हणून तिथं होती, असं त्या म्हणाल्या, आणि त्यावर माझा विश्वास आहे. खराटा त्यांना सूक्तानं दिला नाही. सूक्तात खराटा नाही, खोरं नाही, मडकंही नाही. हजारो वर्षं त्या बाराव्या ऋचेचा जो अर्थ समाजानं केला, तो त्यांच्या हातातून आपोआप उतरला. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण आपण सगळेच किती सहज बोलतो. मीही बोलले आहे, वर्गात, मुलांसमोर.

माझ्या नातीच्या प्रश्नातला ‘म्हणून’ मला झोपू देत नाही. जग कसं झालं हे सांगणाऱ्या प्रत्येक कथेच्या पोटात एक ‘म्हणून’ असतो. कथा विसरली जाते, ‘म्हणून’ मागे राहतो आणि पुढच्या पिढ्या तोच धरून वागतात.

मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात एकतिसाव्या श्लोकात हीच कथा पुन्हा येते, मुख, बाहू, मांड्या, पाय याच क्रमानं. त्याच अध्यायात पुढे, ९१व्या श्लोकात, शूद्राला प्रभूनं एकच काम नेमून दिलं असं सांगितलं आहे : वरच्या तिघांची सेवा, तीही कुरकुर न करता. आठव्या अध्यायातला २७०वा श्लोक तर मी वर्गात कधीच वाचून दाखवू शकले नसते. शूद्रानं द्विजाला कठोर शब्द बोलला तर त्याची जीभ छाटावी, असं तिथं लिहिलं आहे. कारणही दिलं आहे : जघन्यप्रभवो हि सः. कारण तो खालच्या अंगातून जन्मला आहे.

ते ‘कारण’ पाहा. आधी सृष्टीची कथा होती, मग ती नियम झाली, आणि जीभ कापायची शिक्षा सांगताना तीच कथा पुरावा म्हणून पुढे आली. आपण ज्याला ‘एक गोष्टच’ म्हणता तिच्यावर माणसांच्या जिभा तोलल्या गेल्या. अशा शिक्षा प्रत्यक्षात किती वेळा झाल्या, यावर अभ्यासक वाद घालतील. पण पाण्याचा हक्क, मंत्राचा हक्क, पोथीचा हक्क ठरवताना हाच ‘हि सः’ चालत राहिला, याला महाराष्ट्राचा इतिहास साक्षी आहे. १८९९च्या सुमारास कोल्हापुरात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी खुद्द शाहू महाराजांसाठी वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र म्हणायला पुरोहित तयार नव्हते, कारण ते त्यांना शूद्र मानत. तिथून वेदोक्ताचं मोठं प्रकरण उभं राहिलं. छत्रपतींनाही तुम्ही कुठून जन्मलात हा प्रश्न सुटला नाही.

आता आमच्या घरातल्या गोष्टीबद्दलही बोलते, नाहीतर मी फक्त दुसऱ्यांची झडती घेते असं होईल. कुंभार स्वतःला प्रजापती म्हणवतात. माझे सासरे सांगायचे, शंकर-पार्वतीच्या लग्नात घट हवा होता आणि घडवणारं कुणी नव्हतं. तेव्हा शंकरानं पहिला कुंभार निर्माण केला, विष्णूनं आपलं चक्र त्याला चाक म्हणून दिलं. म्हणून आमच्या घरी चाकाला पाय लावायचा नाही, चाक ओलांडायचं नाही. चुकून लागला तर हात लावून कपाळाला न्यायचा. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझी मान ताठ व्हायची. हाही एक ‘म्हणून’च. यानं आम्हाला कामाची इज्जत दिली. पण खरं सांगायचं तर त्याच गोष्टीच्या जोरावर आमची थोरली माणसं दुसऱ्या काही जातींना आपल्यापेक्षा खाली धरत होती, आणि तेही मी पाहिलं आहे. आपल्यावरच्या पायरीचा जाच बोचतो, खालची पायरी मात्र आपल्याला हवी असते. म्हणून मी असं म्हणणार नाही की सूक्ताच्या जागी कुंभारांची कथा रंगवा.

आणि पायांबद्दल. कुंभाराची माती पायांनीच तुडवावी लागते. घोड्याची लीद, राख, चाळलेली माती आणि पाणी, तासन् तास. हातांनी तसा गाळा होत नाही. तेरच्या गोरोबाकाकांचं चित्र आठवा, मातीच्या गाळ्यात उभे, मुखी विठ्ठल. पंढरपुरात माणसं तासन् तास रांगेत उभी राहून ज्या जागी डोकं टेकतात ते पायच असतात. नामदेवांनी देवळाच्या पायरीचा दगड होणं मागितलं, संतांचे पाय लागावेत म्हणून. आपल्याच भाषेत, आपल्याच गावांत पायाला हा मान आहे. मग देखाव्यातले पाय कुठून आले?

‘परंपरा मुलांना कळायला हवी’ असं आपण म्हणालात. मला पूर्ण मान्य आहे. पण मग परंपरा पूर्ण कळू द्या. या कथेशी भांडणंही आपल्या परंपरेतच झाली, आणि फार जुन्या काळापासून झाली.

दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं अग्गञ्ञसुत्त घ्या. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भिक्खू व्हायला आलेले. ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेला श्रेष्ठ वर्ण सोडून गेलात म्हणून त्यांची जातवाले निंदा करतात. बुद्ध त्यांना साध्या गोष्टीकडे बोट दाखवतात : ब्राह्मणांच्या बायकाही ऋतुमती होताना, गरोदर राहताना, बाळंत होताना, पाजताना दिसतात. मग त्यांची मुलं मुखातून कशी? आणि पुढे बुद्ध स्वतः जगाच्या आरंभाची निराळी कथा सांगतात. तिच्यात माणसं हळूहळू तांदळाचा साठा करू लागतात, शेतांना बांध घालतात, चोरी सुरू होते, मग सगळे मिळून आपल्यातल्याच एकाला राज्य करायला निवडतात आणि त्याला भाताचा वाटा देतात. राजा कुणाच्या बाहूंतून येत नाही, लोक त्याला नेमतात. या कथेचा ‘म्हणून’ किती वेगळा आहे! जे माणसांनी ठरवलं ते माणसांना बदलता येतं.

सतराव्या शतकात आपल्याच मराठी मुलखात बहिणाबाई झाल्या, शिऊरच्या. ब्राह्मण घरातल्या, आणि गुरू मानलं तुकोबांना. त्यासाठी नवऱ्याचा मार खाल्ला. जन्मावरून ब्राह्मण ठरतो का, हे तपासणाऱ्या ‘वज्रसूची’ या संस्कृत ग्रंथाचा विचार त्यांनी मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण म्हणजे कोण? देह का? जन्म का? वर्ण का? एकेक शक्यता उचलायची आणि बाजूला ठेवायची. ब्राह्मण बाईनं हे विचारलं आहे, हे मुलींना सांगा.

१८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली. ब्रह्मदेवाच्या मुखात गर्भ राहिला असेल तर त्यानं बाळंतपण कसं केलं, विटाळशी होऊन बाजूला बसला होता का, अशा रोखठोक प्रश्नांनी त्यांनी ही कथा उलगडून पाहिली. घरातल्या बायकांच्या अनुभवावर ती घासली. मला तो युक्तिवाद बुद्धांच्या जवळचा वाटतो. दोघांनीही आईला साक्षीला बोलावलं. पुढे डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हा ग्रंथ लिहिला तो पुरुषसूक्तापासूनच सुरू केला आणि तो फुल्यांनाच अर्पण केला. म्हणजे मुलांना पुरुषसूक्त माहीत व्हावं असं बाबासाहेबांनाही वाटलंच असतं. त्यांनी ते टाळलं नाही, उघडून बसले.

आणि त्याच दहाव्या मंडलात १२९वं सूक्त आहे, नासदीय. सात ऋचा. तेव्हा असणं नव्हतं, नसणंही नव्हतं. ही सृष्टी कुठून आली, कोण जाणे? देवही नंतरचे. परम आकाशात बसून जो हे पाहतो तो जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल. त्याच ग्रंथातलं, त्याच मंडलातलं, पण कुणाला कुठं उभं करायचं याची यादी नसलेलं. याचा देखावा करायला अवघड जाईल हे मला कळतं. रिकाम्या रंगमंचावर एक मूल येऊन प्रश्न विचारील आणि जाईल. मला तो देखावा बघायला आवडेल.

आपल्या राज्यात आणखीही कथा आहेत. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथं गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. त्यांच्या कथेत पूर्वजांची लेकरं त्या गुहेत कोंडलेली होती, त्यांचा आद्य गुरू पारी कुपार लिंगो यानं त्यांना सोडवलं आणि त्यांची कुळं लावून दिली. एकेका कुळाशी झाड जोडलेलं, प्राणी जोडलेला. म्हणून तो प्राणी मारायचा नाही, ते झाड तोडायचं नाही. किती देव मानणाऱ्या कुळाशी लग्न होतं आणि कुणाशी होत नाही, तेही त्याच कथेतून ठरतं. मी त्या समाजातली नाही, तेव्हा याहून जास्त त्यांच्याकडूनच ऐकावं. पण दोन ‘म्हणून’ शेजारी ठेवले की सहावीतल्या मुलालाही फरक कळतो.

फक्त आपल्याकडेच असं होतं असंही मुलांना वाटू नये. १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी बायबलमधली सृष्टीची कथा मराठी ओव्यांत सांगितली. बायबलच्या पहिल्या अध्यायात स्त्री आणि पुरुष दोघांना देव एकत्रच घडवतो, आणि दुसऱ्या अध्यायात बाई पुरुषाच्या बरगडीतून येते. एकाच पुस्तकात दोन्ही. आणि बायकांनी गप्प राहावं, शिकवू नये असं सांगायची वेळ आली तेव्हा नव्या करारातल्या पत्रात दिलेलं कारण कोणतं? आदाम आधी घडला, हव्वा नंतर. पहिल्या अध्यायाची आठवण तेव्हा कुणी काढली नाही, जशी आपल्याकडे पायांतून आलेल्या भूमीची काढली नाही. दोन कथा हाताशी असताना माणसं सोयीची उचलतात. शाळेनं तसं करू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता माझी गाऱ्हाणी.

पहिलं, पालकांना विचारलं नाही. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाचं तिसरं कलम सांगतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणात वा उपासनेत मुलाला सहभागी करायचं असेल तर पालकाची संमती हवी. हा सांस्कृतिक कार्यक्रम होता असं आपण म्हणाल. सूक्ताचं पठण झालं, मुलांनी हात जोडले, तेव्हा रेषा फार बारीक राहिली. साधं एक पत्रक घरी पाठवलं असतं तर मी मडकं देण्यापूर्वी दोन शब्द बोलले असते.

दुसरं, बारा मुलं उभी आणि आठ बसलेली. मुलांना वाक्यं विसरतात, जागा विसरत नाहीत. मी शिक्षिका आहे, पहिल्या बाकावरचा आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा तीस वर्षांनी भेटला तरी आधी आपली जागा सांगतो.

तिसरं, ‘पायवाले’ हे नाव वर्गात पडल्याचं मी पहिल्याच अर्जात कळवलं होतं. त्यावर काहीही झालं नाही. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. देखावा बसवताना चूक झाली, ती अजाणता झाली. पण कळवल्यानंतरचं गप्प राहणं अजाणता नव्हतं.

चौथं भिंतीचं. संमेलन दोन तासांत संपतं, भिंत वीस वर्षं राहते. पहिलीत आलेलं मूल दहावीपर्यंत रोज प्रार्थनेला त्या चित्रासमोर उभं राहील आणि आपण त्यातले कुठले, हे मनातल्या मनात ठरवील. कुणी सांगायची गरज उरणार नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ठरवलेलं चित्र रंगवू नये. भिंत सृष्टीच्या कथेनं सजवायचीच असेल तर एकच कथा नको. नासदीय सूक्ताचा प्रश्न असू दे, कचारगडची गुहा असू दे, अग्गञ्ञसुत्तातला भाताचा वाटा असू दे, दिगंतराळात फिरणारी आपली पृथ्वीही असू दे. पुरुषसूक्त घेतलंत तर चौदावी ऋचा घ्या.

सहावीच्या वर्गात जाऊन मुख्याध्यापकांनी स्वतः त्या मुलांशी बोलावं. माफीचा कार्यक्रम करू नका, मुलं लाजतील. तास घ्या. ही कथा काय आहे, तिचा वापर कसा झाला, तिला कुणी कुणी प्रश्न विचारले, हे पंचेचाळीस मिनिटांत सांगता येतं. बोलावलंत तर मी येईन, मागच्या बाकावर बसेन.

धर्मकथेवर आधारलेल्या कुठल्याही कार्यक्रमात मुलाला घेण्यापूर्वी घरी लेखी कळवावं, आणि कुठल्याही मुलाला जन्मावरून, कामावरून वा शरीराच्या अवयवावरून वर-खाली अशी जागा देऊ नये.

शाळेच्या ग्रंथालयात ‘गुलामगिरी’ची एकही प्रत नाही, मी ग्रंथपालांना विचारून खात्री केली आहे. पाच प्रती मी देते. बहिणाबाईंच्या अभंगांचीही एक प्रत देते. त्या स्वीकाराव्यात आणि कपाटाला कुलूप न लावता ठेवाव्यात.

बाईंवर कारवाई व्हावी अशी माझी मुळीच मागणी नाही. उलट पुढच्या वर्षीचा देखावा त्यांनीच बसवावा. त्यांच्या हातात कला आहे.

या पत्राचं उत्तर तोंडी नको, लेखी द्यावं आणि शाळेच्या फलकावर लावावं, म्हणजे बाकीच्या सात घरांतल्या पालकांनाही वाचता येईल. त्यांच्यापैकी तिघांशी मी बोलले आहे. दोघं म्हणाले, मुलाचं शाळेत नाव खराब होईल, आमचं नाव घालू नका. म्हणून खाली फक्त मीच आहे.

त्या रात्री नातीला जे उत्तर दिलं नाही ते मी गेल्या रविवारी दिलं. दिराकडे नेलं, पायातल्या चपला काढायला लावल्या आणि गाळ्यात उभं केलं. माती थंड होती, ती आधी किंचाळली, मग तुडवायला लागली. तुडवता तुडवता मी तिला चौदावी ऋचा म्हणून दाखवली आणि अर्थ सांगितला. मग बाराव्या ऋचेबद्दलही सांगितलं, आणि फुल्यांनी काय विचारलं तेही. तिनं विचारलं, ‘मग बाईंना हे माहीत नव्हतं का?’ मी म्हटलं, आपण त्यांना कळवू.

भिंत रंगवणारे सोमवारी येणार आहेत असं ऐकलं. त्याआधी समितीची बैठक बोलवावी ही विनंती. मला बोलावलंत तर दुपारी दोननंतर केव्हाही येईन.

आपली,
सहावीतल्या एका मुलीची आजी,
निवृत्त प्राथमिक शिक्षिका